पाच चाकांचा दुखवटा

दुःख ही एकट्यादुकट्याने करण्याची गोष्ट नाही. त्याला समिती लागते, मांडव लागतो, खुर्च्या लागतात आणि त्या मोजून घेणारा एक जबाबदार माणूस लागतो. उमुनेबो गावात गेली कित्येक वर्षं तो माणूस मी आहे. उमुनेबो प्रगती संघाचा सचिव या नात्याने गावातल्या सगळ्या अंत्यविधींची व्यवस्था मी पाहिली असून आजवर एकाही मयताकडून तक्रार आलेली नाही.

आमच्याकडे माणूस जिवंत असताना त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नसते, असा एक आरोप बाहेरची मंडळी करतात. आरोप खरा आहे. पण तोच माणूस मेला की सगळ्यांना एकदम सवड होते, हे ती मंडळी सांगत नाहीत. वर्षानुवर्षांचं प्रेम दोन दिवसांत, एका मांडवाखाली, बँडच्या साथीने उरकतं. यात पेट्रोलही वाचतं.

आता मूळ विषय. आमच्या भागात एके नावाचा अजगर असतो. मनगटाएवढा जाड, अंगावर तपकिरी-सोनेरी ठिपके, आणि स्वभावाने आमच्या खजिनदारांपेक्षा गरीब. तो कोणाला चावत नाही आणि घरात शिरला तर त्याला कोणी हाकलत नाही. त्याला साप म्हणायची पद्धत नाही, 'आई' म्हणतात, म्हणून यापुढे मीही 'ती' असंच म्हणेन. आम्ही सगळे ख्रिस्ती आहोत. रविवारी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला जातो. पण एकेवर पाय पडला तर तो रविवार तिथेच संपतो. ज्याच्या हातून तिला मरण आलं, त्याने तिला माणसासारखं पुरायचं. शवपेटी, पांढरं कापड, बंदुकीचे बार, गावजेवण, सगळं. जो पुरणार नाही त्याच्यासाठी गावात कोणी कोलाचं फळ फोडत नाही, म्हणजे पाहुणा म्हणूनही त्याला कोणी उभं करत नाही.

अशी एक आई मग्बाफो वहिनींच्या घरी राहत होती.

मग्बाफो वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत मित्राची बायको. सकाळी चौकात चवळीची भजी तळायला बसतात. आम्ही त्याला अकारा म्हणतो, आणि त्यांच्या अकाऱ्याशिवाय संघाची सभा सुरू होत नाही. त्यांना दोन मुलगे. थोरला अझुका लागोसला जनरेटरचे सुटे भाग विकतो, धाकटा ओन्येडिका अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. दोघांचंही आईवर अतोनात प्रेम आहे. दोघांच्याही फोनवर तसं लिहिलेलं आहे.

नवरा गेला त्या वर्षी ती वहिनींकडे आली. सकाळी उंबऱ्यात उन्हाला पडायची, दुपारी पाण्याच्या रांजणामागे, आणि संध्याकाळी वहिनी स्टुलावर बसल्या की त्यांच्या पायांभोवती वेटोळं घालायची. वहिनी तिच्याशी बोलायच्या. ती ऐकायची, निदान उठून जायची नाही. गावातल्या विवाहित स्त्रियांपैकी फार थोड्यांना घरात अशी सोय आहे.

जुलैमध्ये अझुका आला. आईला भेटायला नव्हे. शेजारच्या गावात कोणा मंत्र्याच्या सासऱ्याचा अंत्यविधी होता, वाट आमच्या गावावरून जात होती. नवी कोरी जीप होती, आणि ती तो ड्रायव्हरच्या हातात देत नव्हता. इंजिन बंद केलं की आतला गारवा जातो, म्हणून त्याने ते चालूच ठेवलं. वहिनींनी पाणी आणलं, ते त्याने उभ्याने प्यायलं.

"बस तरी," वहिनी म्हणाल्या.

"ख्रिसमसला येतो ना निवांत. तेव्हा बसतो."

एवढ्या वेळात ती जीपच्या सावलीत जाऊन पडली होती. ऊन कडक होतं आणि सावली दाट होती, कारण जीप मोठी होती. अझुकाने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली तेव्हा वहिनींना ती दिसली. त्यांनी दोन्ही हात वर केले. अझुकाला वाटलं, आई निरोप देतेय. त्यानेही काचेतून हात हलवला आणि गाडी मागे घेतली.

अझुकाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तो पळून गेला नाही. खाली उतरला आणि चाकाशी काय आहे ते बघितलं. त्याने पहिला फोन भावाला केला. मी तोवर आवाज ऐकून अंगणात पोचलो होतो.

"ओन्येडिका," तो म्हणाला, "आईवर गाडी गेली माझ्याकडून."

फोन स्पीकरवर होता. मग ओन्येडिका म्हणाला, "कुठली आई?"

"घरातली. एके."

"अरे देवा," ओन्येडिका म्हणाला. "मग आता तुझ्या लाल टोपीचं काय?"

लाल टोपी म्हणजे आमच्याकडचा सर्वांत मोठा मान. नव्या यामचा, म्हणजे नव्या कंदाचा सण आला की गावातले बुजुर्ग ती एखाद्या लायक माणसाच्या डोक्यावर ठेवतात. 'चीफ' हे नाव अझुकाने स्वतःच्या पैशाने स्वतःला लावून घेतलं होतं, पण टोपी विकत मिळत नाही. निदान उघडपणे मिळत नाही. आणि एकेचं देणं ज्याच्या अंगावर आहे त्याला ती कोणी घालणार नाही. तेव्हा मंत्र्यांचे सासरे त्या दिवशी अझुकाविनाच पुरले गेले.

सांत्वनाला गाव लोटलं. आमच्याकडे सांत्वनाचे तीन मान्य प्रकार आहेत. पहिला, याहून वाईट झालं असतं. दुसरा, माझं काय झालं ते ऐक (शेजारणीने मागच्या वर्षी गेलेल्या आपल्या बकरीची हकीकत दोन वेळा सांगितली, दुसऱ्या वेळी बकरी जास्त हुशार होती). तिसरा, दुसरी आण. आलेल्या प्रत्येकाला वहिनींनी गरम अकारा वाढला. दुःखातल्या माणसाने येणाऱ्याजाणाऱ्याला खायला घालावं, अशी रीत आहे. त्यामुळे त्याचे हात सतत गुंतलेले राहतात आणि रडण्यासारख्या गोष्टींकडे त्याचं लक्ष जात नाही.

तिसऱ्या प्रकारच्या सांत्वनाची संघाने अधिकृत अंमलबजावणीही केली. उपाध्यक्ष राईतून एक एके टोपलीत घालून घेऊन आले आणि वहिनींच्या अंगणात सोडली. तिने घर बघितलं, रांजणाला एक फेरी मारली आणि फाटकाकडे निघाली. वहिनींनी फाटक उघडून धरलं.

"वहिनी, जरा थोपवा की," उपाध्यक्ष म्हणाले. "रुळेल हळूहळू."

"तिला तिचं घर असेल," वहिनी म्हणाल्या. "जाऊ दे तिला."

मग तयारी सुरू झाली, आणि मी स्पष्ट सांगतो, असा अंत्यविधी उमुनेबोत पूर्वी झाला नव्हता. पहिला प्रश्न वयाचा होता. मयत सत्तरीच्या आतला असेल तर काळं कापड आणि रडणं, सत्तरीवरचा असेल तर पांढरं कापड आणि नाच, असा आमचा नियम आहे. मी वहिनींना विचारलं.

"आमचे हे गेले त्या वर्षी आली," वहिनी म्हणाल्या. "तेव्हाच चांगली मोठी होती."

यावरून समितीने सर्वानुमते पंच्याऐंशी वर्षं हे वय ठरवलं. नाचाचा बँड आधीच सांगून झाला होता.

पोस्टरं लागोसला छापली. वर अझुकाचा सूटमधला फोटो, खाली 'आमची लाडकी आई देवाघरी', आणि त्याखाली तिचा फोटो. तिचा फोटो कोणी कधी काढला नव्हता, म्हणून छापखान्याने इंटरनेटवरून एक उचलला. तो अजगर लिंबासारखा पिवळा होता आणि कुठल्यातरी थंड देशात काचेच्या पेटीत राहत असावा, कारण मागे हीटर दिसत होता. एक पोस्टर वहिनींच्या स्वतःच्या भिंतीवर लागलं. त्या बराच वेळ त्यासमोर उभ्या राहिल्या.

"भावजी, ही कोण?"

"तीच, वहिनी."

"ही ती नव्हे."

"छपाईत रंग जरा बदलतो."

"डोकंही बदलतं?" वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

पेटी पितळी कड्यांची होती आणि पुरुषभर लांब होती, कारण लहान पेटीला कडी कमी बसतात. पेटीवाल्याने तिला आत सरळ, काठीसारखं झोपवलं होतं. त्या सकाळी वहिनी लवकर आल्या, झाकण उघडायला लावलं आणि तिला दोन्ही हातांनी उचलून वेटोळं करून ठेवलं, डोकं आत, वळ्यांवर टेकलेलं. "ती सरळ झोपत नाही," त्यांनी पेटीवाल्याला सांगितलं. पेटीवाल्याने माझ्याकडे बघितलं. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं, पण मी हरकत घेतली नाही.

कार्यक्रमाचं वर्णन करावं तेवढं थोडं. मांडव चौकापर्यंत, एकाच कापडाचे कपडे शिवून आलेले पाहुणे, ब्रास बँड, वरून घिरट्या घालत चित्रीकरण करणारं यंत्र, गाय, मसालेभात, ताडी. पहिल्या तीन रांगा मान्यवरांसाठी राखीव होत्या. वहिनी पुढे जाऊ लागल्या तेव्हा लागोसहून आणलेल्या स्वागतिकेने त्यांना नम्रपणे अडवलं. "आजी, तुम्ही कोणाकडच्या?"

वहिनींनी थोडा विचार केला. "मयताकडची," त्या म्हणाल्या, आणि चौथ्या रांगेत बसल्या.

स्थानिक मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण झालं. त्यांनी तिला कधी बघितलं नव्हतं, पण अनुभवी माणसाला त्याने अडत नाही. "आईंना मी लहानपणापासून ओळखत होतो," ते म्हणाले. "त्या कधी कोणापुढे मान ताठ करून उभ्या राहिल्या नाहीत. शेवटपर्यंत त्यांचे पाय जमिनीवर होते." इथे मागच्या रांगांत थोडी चुळबुळ झाली. "निदान जमिनीशी असलेलं नातं त्यांनी कधी सोडलं नाही," अशी त्यांनी लगेच दुरुस्ती केली आणि तिच्या नावाने डांबरी रस्ता जाहीर केला.

अध्यक्षांच्या भाषणानंतर 'आप्तांचा शोक' असा एक टप्पा मी स्वतः कार्यक्रमात घातला होता. भाषण लांबल्यामुळे तो रद्द करावा लागला. वहिनी तोवर उठून पुढे आल्या होत्या. सूत्रसंचालकाने माईक बाजूला धरून त्यांना अदबीने सांगितलं, "आजी, जेवण तिकडे आहे."

पेटी खाली गेली, बार उडाले, बँड वाजला, सगळे नाचले. मान्यवर गेले. अझुका घाम पुसत, मोकळ्या मनाने खुर्चीत बसला. तेव्हा इलोझुए आजोबा काठी टेकत त्याच्याकडे आले. इलोझुए आजोबा एकेच्या देवळाचे पुजारी. त्यांचे वडीलही तेच होते. वय विचारलं तर रागावतात.

"जेवलात ना, आजोबा?" अझुका म्हणाला. "सगळं रीतीप्रमाणे झालं."

"जेवलो. गाय मऊ होती. आता दुखवट्याला कधी बसतोस?"

"हाच तर दुखवटा होता."

"ही जत्रा होती. दुखवटा म्हणजे बसायचं. ती राहत होती त्या घरात, जमिनीवर, डोकं भादरून. फाटकाबाहेर जायचं नाही आणि घरची बाई वाढेल ते खायचं."

"किती दिवस?"

"माझ्या वडिलांच्या वेळी एकाच्या सायकलखाली एक एके आली होती. तो दोन दिवस बसला. चाकाला एक दिवस."

अझुकाने जीपकडे बघितलं. "म्हणजे चार."

"मागे लटकतंय ते काय आहे?"

"ती स्टेपनी, आजोबा. ती जमिनीला लागतसुद्धा नाही."

"पण हजर होती."

"बरं, पाच दिवस."

"दिवस सायकलला. ती माणूस पायाने ओढतो. इंजिनाला आठवडे."

(आमचा आठवडा चार दिवसांचा असतो. अझुकाला तेवढाच दिलासा.)

"आजोबा, माझा कंटेनर बंदरात अडकलाय. मला तिथे असायला हवं."

"कंटेनर कोणाच्या आईवरून गेलाय का?"

"नाही."

"मग तो थांबेल."

"मी माझ्या जागी एक माणूस बसवतो. चांगला माणूस. त्याचं काय ते मी बघतो."

"बसव की," इलोझुए आजोबा म्हणाले. "टोपीही त्यालाच घालू."

अझुकाने माझ्याकडे बघितलं. "काका, हे चाकांचं कुठे नियमात आहे का?" मी सचिव म्हणून त्याला खरं ते सांगितलं. चाकं मोजावीत असं संघाच्या नियमात नाही, पण मोजू नयेत असंही नाही.

(आदल्या संध्याकाळी मग्बाफो वहिनी एक झाकलेलं ताट घेऊन इलोझुए आजोबांकडे गेल्या होत्या, ही गोष्ट खरी आहे. ताटात अकारा होता. त्यातून काही निष्कर्ष काढण्याचं कारण नाही.)

अझुका बसला. दुखवटा नीट चाललाय की नाही हे बघणं माझं कर्तव्य असल्यामुळे मी रोज जात होतो, आणि जेवणाच्या वेळेला जात होतो, कारण नियम जेवणाबद्दलही होता. पहिले काही दिवस तो फोन घेऊन घरभर हिंडला. पत्र्याखाली कुठेच रेंज मिळत नव्हती, फक्त स्वयंपाकाच्या खोपटात, वहिनी चवळी वाटतात त्या कोपऱ्यात मिळायची. म्हणून तो तिथे बसू लागला. पाऊस आला की त्याच्या चटईवर गळायचं. घराला नवं छप्पर घातल्याची बातमी त्यानेच लागोसमध्ये सगळ्यांना दिली होती, त्यामुळे तक्रार कोणाकडे करावी हे त्याला सुचेना. शेवटी शिडी मागवून तो स्वतःच वर चढला.

वहिनी त्याच्याशी बोलत नव्हत्या. वाढत होत्या. कडू पाल्याचं कालवण, कुटलेला याम, त्याला लहानपणी लागायचं तसं जास्त तिखट. पण बोलत नव्हत्या. आत-बाहेर करताना उंबऱ्याशी आल्या की पाय उंच उचलायच्या आणि लांब टाकायच्या. अझुका ते काही दिवस बघत होता.

"गुडघा दुखतो का गं?"

"नाही."

"मग पाय असा का टाकतेस?"

"ती तिथे असते," वहिनी म्हणाल्या. मग जागेवरच थांबल्या. "असायची."

अझुका खाली मान घालून बसला. भादरलेलं डोकं वरून फार लहान दिसतं. "मी बघितलं नाही गं आई."

"तू कुठे बघतोस."

मला निघायला हवं होतं, पण कालवण अजून यायचं होतं. वहिनी वाटणाशी बसल्या आणि वाटता वाटताच बोलू लागल्या. "तुझं सगळं मी तिला सांगायची. तुझं दुकान, तुझी जागा, तुझ्या धाकट्या लेकीचं नाव ठेवलंत ते. तू फोनवर अर्धंच सांगतोस, मग म्हणतोस नंतर करतो. उरलेलं मी रचायची. धाकटीला दात आले, ती माझ्यासारखी दिसते, तू तिला माझा फोटो दाखवतोस, असं."

"मग?"

"मग काय. तिचं तुझ्याबद्दल चांगलं मत होतं."

अझुका रडला. अंत्यविधीच्या कार्यक्रमातून रद्द झालेला टप्पा अशा रीतीने, विनाखर्च आणि खुर्च्यांशिवाय, स्वयंपाकाच्या खोपटात पूर्ण झाला. वहिनींनी वाटण थांबवलं, हात धुतले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या, आणि मग त्याही रडल्या. मी कालवण स्वतः वाढून घेतलं.

त्यानंतर तो वहिनींना उरलेलं अर्धं सांगू लागला. दुकानात तोटा झाल्याचं सांगितलं, जीप हप्त्यावर असल्याचं सांगितलं. धाकटीला फोनवर आणलं. ती आजीसारखी दिसत नव्हती, पण दात आले होते. पुढे पुढे उंबऱ्याशी आला की तोही पाय उंच टाकायचा. मी टाकत नव्हतो, मला वहिनींनी तसं टाकायला लावलं.

पाच आठवडे संपले. सणाला अझुकाच्या डोक्यावर लाल टोपी आली, केस नुकतेच वाढू लागल्यामुळे ती जरा सैल बसली, आणि तो लागोसला गेला. कंटेनर अजून अडकलेलाच होता. तो सुधारून गावात राहायला आला, आईला रोज फोन करतो, असं काही मी सांगणार नाही. दर चार दिवसांनी करतो. पण निघताना त्याने इंजिन सुरू करायच्या आधी, नव्या पांढऱ्या कपड्यांत, गुडघे टेकून गाडीखाली बघितलं. चारी चाकांशी बघितलं.

हे गावातल्या इतर आयांनी पाहिलं.

त्या वर्षी ख्रिसमसला संघापुढे महिला मंडळाचा ठराव आला आणि मंजूर झाला. गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची निघण्यापूर्वी खालून तपासणी करावी, ती गाडीच्या मालकाने स्वतः, इंजिन बंद ठेवून करावी, आणि त्याच्या आईचं समाधान झाल्यावरच गाडी हलवावी. आईचं समाधान सहसा लवकर होत नाही. "त्या मागच्या चाकाशी बघ. नाही, आतून. काहीतरी हललं मला दिसलं." तेवढ्यात आठवतं की यामची पिशवी द्यायची राहिली, आणि पिशवी आणेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून बघायला लागतं. या ठरावापूर्वीच्या संपूर्ण इतिहासात आमच्या गावात गाडीखाली आढळलेल्या एकेंची संख्या एक आहे. ठरावानंतर आयांनी दिलेल्या सूचनांनुसार ती शंभर टक्के गाड्यांखाली असते. तपासणीत मात्र अद्याप एकही सापडलेली नाही. म्हणून संघाने तपासणी आणखी कडक केली आहे.

वहिनी पुन्हा चौकात बसतात. संध्याकाळी स्टुलावर बसून कधीकधी अजून बोलतात. कोणाशी, ते मी विचारत नाही.

ही हकीकत बाहेर पसरल्यापासून माझ्याकडे बरीच चौकशी होते. पेटी खरंच पुरुषभर होती का, गाय किती मोठी होती, स्टेपनी धरणं न्यायाला धरून आहे का, त्या ताटात नक्की काय होतं. मी सर्वांना सविस्तर उत्तरं देतो. फक्त एक गोष्ट कोणी विचारत नाही. 'आई' आम्ही सगळ्याच एकेंना म्हणतो. वहिनींनी तिला एक नाव ठेवलं होतं आणि रोज त्या नावाने हाक मारायच्या. ते पोस्टरवर नव्हतं, भाषणात नव्हतं. अझुकाने ते विचारलं, उशिरा, तिसऱ्या आठवड्यात, पण विचारलं. तुम्ही तिच्या मरणापासून दुखवट्यापर्यंत सगळं वाचलंत, अझुकाला हसलात, अध्यक्षांना हसलात, बहुधा मलाही हसलात. नाव काही विचारलं नाहीत. आणि ज्याने विचारलं नाही त्याला ते सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.